नारळ फोडणारे पुष्कळ, व्हॉल्व्ह कोण बघणार?

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. अनेक ठिकाणी त्याआधी कित्येक वर्षे प्रशासक बसलेले होते, त्यामुळे इच्छुकांची गर्दी मोठी होती आणि प्रचारही दणक्यात झाला. पण त्या गदारोळात वाद नेमका कशावर झाला? एक बाजू सांगत होती, वर आमचे सरकार आहे, निधी आम्हीच आणू शकतो. दुसरी विचारत होती, आलेला निधी मुरला कुठे? भांडण जोरात होते, पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य करून टाकली होती: शहर चालते ते वरून येणाऱ्या पैशावर आणि नगरसेवकाचे काम तो खेचून आणण्याचे. निकाल लागल्यावर तर तेवढाही वाद उरला नाही. कोणाचे किती नगराध्यक्ष, एवढेच मोजले गेले. शहर कसे चालवणार हे विचारायचे राहूनच गेले.

छोट्या शहराच्या उमेदवाराने मते मागताना आधी जुन्याबद्दल बोलावे, असे माझे म्हणणे आहे. ‘ब’ किंवा ‘क’ वर्गाची नगरपरिषद, म्हणजे लाखाच्या आतली वस्ती घ्या. तिथल्या माणसाचा दिवस वेशीवरच्या नव्या कमानीने सुधारत नाही. नळाला पाणी किती वाजता आले, ते पिण्याजोगे होते का, संडासाची टाकी भरली तेव्हा उपसायची गाडी कधी आली, घंटागाडीने नेलेल्या कचऱ्याचे पुढे काय झाले, यावर तो सुधारतो किंवा बिघडतो. ही सगळी यंत्रणा आधीच उभी आहे. ती धड चालवणे, त्यासाठी शहरातूनच पैसा उभा करणे आणि त्याचा हिशेब उघडा ठेवणे, हा जबाबदार उमेदवाराचा पहिला कार्यक्रम. नवीन बांधकाम त्यानंतर.

ही आजची तक्रार नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा 32 सदस्यांत विरोधात मत देणारे ते एकटे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांनी विरोध केला. (पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले, हा आपल्याकडचा खास न्याय.) फुले काही बांधकामाचे शत्रू नव्हते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. दगड-चुन्याचा हिशेब सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा त्यांना जास्त कळत असणार. त्यांचा प्रश्न क्रमाचा होता: आधी काय आणि मग काय. आजच्या जाहीरनाम्यांतून नेमका हा क्रमच गायब आहे.

क्रम लावायचा तर पाण्यापासून. समजा साठ हजार वस्तीचे शहर आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राचा निकष माणशी रोज 135 लिटरचा, म्हणजे दिवसाला 81 लाख लिटर. शुद्धीकरण केंद्रातून एवढे पाणी निघते आणि त्यातले 40 टक्के गळते, चोरीला जाते किंवा न मोजता वाटले जाते असे धरा. रोज 32 लाख लिटर पाण्याचा पत्ता लागत नाही. हे आणखी 24 हजार माणसांचे पाणी झाले. हा आकडा 20 टक्क्यांच्या आत आणा, असे केंद्राचे सेवा-मापदंड 2008 पासून सांगत आहेत. आपल्या शहराचा आकडा किती, हे कुठल्याही उमेदवाराला विचारून पाहा. बहुतेक जण उत्तर देतील की नवीन योजना मंजूर झाली आहे. म्हणजे धरणातून आणखी पाणी उचलायचे आणि त्याच फुटक्या घागरीत ओतायचे.

आकडा ठाऊक नसतो, कारण मोजायला काही बसवलेलेच नसते. जॅकवेलवर, म्हणजे धरण-नदीतून पाणी उचलायच्या विहिरीवर, एक, शुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडते तिथे एक आणि प्रत्येक उंच टाकीच्या आउटलेटवर एक, असे आठ-दहा मोठे प्रवाहमापक बसवले की निम्मे कोडे सुटते. टाकी भरून तिचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि दोन तासांनी पातळी बघा. उतरली असेल तर टाकी तरी गळते किंवा व्हॉल्व्ह तरी पूर्ण बसत नाही. मग प्रत्येक झोनला सोडलेल्या पाण्याला त्या झोनमधल्या जोडण्यांनी भागा. शेजारच्या झोनच्या दुप्पट पाणी खाणारा झोन सापडला की तिथे उकरायला सुरुवात. आपल्याकडे गळती म्हटले की मोठी फुटलेली पाइपलाइन डोळ्यांपुढे येते, पण ती सगळ्यांना दिसते म्हणून दोन दिवसांत दुरुस्त होते. वर्षानुवर्षे पाणी जाते ते घरगुती जोडणीतून: फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीतून घरची जोडणी निघते तिथे, सैल झालेला सांधा, गंजलेला लोखंडी पाइप, जुनी जोडणी बंद करताना उघडे राहिलेले तोंड. एका जोडणीतून करंगळीएवढी धार, आणि अशा जोडण्या काही शे.

पंपाचा हिशेबही असाच न दिसणारा. 81 लाख लिटर पाणी 60 मीटर चढवायला, पंप शंभर टक्के कार्यक्षम असता तर, साधारण 1,325 युनिट वीज लागली असती. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 60 टक्के असेल तर 2,200 युनिट लागतात. इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे चाक, झिजला आणि ती 40 टक्क्यांवर उतरली तर 3,300. म्हणजे रोज 1,100 युनिट फुकट. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला 32 लाख रुपये. पंप बंद पडत नाही, टाकी भरते, कोणी तक्रार करत नाही. फक्त बिल वाढते, आणि बिल थकले की वीजतोडणीच्या नोटिशीवर सर्वसाधारण सभेत गहन चर्चा होते. इम्पेलर बदलायच्या खर्चाचा विषय मात्र ‘तरतूद नाही’ म्हणून मागे पडतो.

आता शुद्धतेकडे. दिवसाआड, दोन तास पाणी देणाऱ्या शहरात उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. पुरवठा बंद होताना आत पोकळी तयार होते आणि सैल सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. घरगुती जोडणी गटार ओलांडून गेलेली असेल, आणि जुन्या गावठाणात ती हमखास तशीच गेलेली असते, तर बाहेरचे पाणी म्हणजे काय हे सांगायला नको. त्यात प्रत्येक जण नळाला थेट मोटार लावतो, म्हणजे ओढ आणखी वाढते. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, तिच्यामागे पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणीच होते. यावर शेवटचा बचाव क्लोरीनचा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो; ओल्या गोदामात तोंड उघडी पोती चार महिने पडली की तो 20 टक्क्यांवर येऊ शकतो. 81 लाख लिटरला लिटरमागे 2 मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर 16 किलो क्लोरीन हवा, म्हणजे ताजी पावडर 49 किलो, पण तीच शिळी 81 किलो. रोज 25 किलोची दोन पोती ओतायची हा शिरस्ता मात्र बदलत नाही, आणि शेवटच्या गल्लीत क्लोरीन शून्य येतो. यात भ्रष्टाचार असेलच असे नाही. गोदामात लाकडी फळ्या नाहीत, पोत्यांवर तारीख नाही, शेवटच्या नळावर तपासणारे कोणी नाही, एवढे पुरते.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात जो नळ आणला, त्यावर जागोजागी उच्छ्वास बांधले होते: हवा निघावी, माणसाला आत उतरून गाळ काढता यावा. म्हणजे बांधतानाच साफसफाईची सोय धरलेली होती. अडीचशे वर्षांनंतर आपण रस्ता डांबरी करताना व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण डांबराखाली गाडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ते शोधायला कुदळ घेऊन निघतो.

इथे पहिला आणि वजनदार आक्षेप येतो. नगरपरिषदांकडे स्वतःचा पैसा आहेच कुठे? आक्षेप खरा आहे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि रोज गल्ल्यात पडणारा एकमेव भरवशाचा पैसा गेला. त्याच्या बदल्यात मिळणारे सहायक अनुदान पगारात संपते. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय लिहून दिले, त्या विषयांबरोबर उत्पन्नाची साधने मात्र दिली नाहीत. अशा स्थितीत वरच्या मंत्र्याशी सूत जुळलेला उमेदवार शहराला उपयोगी पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणी योजनेचे शंभर कोटी कुठलेही छोटे शहर घरपट्टीतून उभे करू शकत नाही.

पण हा युक्तिवाद जिथे थांबतो तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. योजना बांधायला अनुदान मिळते. ती चालवायला मिळत नाही. तुरटी, क्लोरीन, वीज, व्हॉल्व्हमनचा पगार, पाच वर्षांनी जळणारी मोटर, हे सगळे शहरालाच पेलायचे असते. शिवाय योजनेत नगरपरिषदेने स्वतःचा हिस्सा भरायचा असतो. तो नसला की काम अर्ध्यात थांबते किंवा हिस्सा कर्ज काढून भरला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 26 या काळातल्या अनुदानाला अटी घातल्या: लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ऑनलाइन ठेवा, मालमत्ता कराचा किमान दर ठरवा आणि कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या गतीने वाढवा. दशलक्षी नसलेल्या, म्हणजे दहा लाखांच्या आतल्या, शहरांचे 60 टक्के अनुदान तर पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते. म्हणजे वरचा निधीसुद्धा खालच्या वसुलीवर आणि हिशेबावर लटकलेला आहे. मग ‘निधी आणतो’ म्हणणाऱ्याला साधे विचारता येते: तुमच्या प्रभागाची घरपट्टीची चालू मागणी किती, थकबाकी किती आणि गेल्या मार्चअखेर वसूल किती झाले?

वसुली म्हटले की दुसरा आक्षेप. कर वाढवतो म्हणणारा उमेदवार पडतो. हेही खरे, आणि पडलेल्या उमेदवाराच्या प्राधान्यक्रमाला किंमत शून्य. घरपट्टीच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीच्या नोटिसा निवडणुकीच्या तोंडावर निघाल्या की मोर्चा ठरलेला आणि स्थगितीही ठरलेली. पण दर वाढवणे ही वसुली सुधारण्याची पहिली पायरी नाहीच, ती चौथी-पाचवी आहे. आधी नोंद नसलेली घरे आणि वाढीव मजले नोंदवा. उपग्रहाची छायाचित्रे आणि घरोघर मोजणी यांचा मेळ घातला की प्रत्येक शहरात अशा मालमत्ता निघतात. मग निवासी म्हणून नोंदलेली दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये त्यांच्या खऱ्या वापरावर आणा. सरकारी कार्यालयांची थकबाकी मागा. ती हमखास असते आणि ती मागायला कोणी जात नाही. बिले जानेवारीत वाटण्याऐवजी एप्रिल-मेमध्ये वाटा, म्हणजे मार्चअखेरची धावपळ टळते आणि पावसाळ्याआधीच्या नालेसफाईला हातात पैसा असतो. एवढे झाल्यावर दराबद्दल बोलावे.

आणि नगरसेवकाने स्वतःपुरते एक पथ्य पाळावे: बड्या थकबाकीदाराचा नळ तोडायला माणसे गेली की मुख्याधिकाऱ्याला फोन करू नये. हा फोन शहराला सगळ्यात महाग पडतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे चार वर्षांत ती मुद्दलाएवढी होत आली. मग ‘शास्ती अन्यायकारक’ म्हणून दंडमाफीची अभय योजना येते. वेळेवर भरणाऱ्या शिक्षकाने आणि टपरीवाल्याने पूर्ण भरलेले असते. थांबलेल्या बंगलेवाल्याला सूट मिळते. दुसऱ्या वर्षी शिक्षकही थांबतो. लोक कर भरायला नाखूश असतात हे अर्धसत्य आहे. बुद्धू ठरायला नाखूश असतात, हे पूर्ण.

लोक पैसे देतच आहेत, हेही विसरले जाते. 20 लिटरचा एक जार रोज 20 रुपयांना घेणारे घर वर्षाला 7,300 रुपये पाण्यावर घालवते. अनेक छोट्या शहरांत वर्षाची ठोक पाणीपट्टी याच्या निम्मीही नसते. त्याशिवाय मोटार, तळघरातली टाकी, गच्चीवरची टाकी, टँकर. स्वस्त पाणी म्हणून जे मिरवले जाते ते गरिबाला सगळ्यात महाग पडते, कारण साठवायला त्याच्याकडे टाकी नसते. कराडशेजारच्या मलकापूरने हे गणित उलटे मांडून दाखवले. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने तिथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला: प्रत्येक जोडणीला मीटर, घरगुती जोडणीला लोखंडाऐवजी सांधे कमी असलेला एमडीपीई प्लास्टिकचा पाइप, आणि वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्याने चढणारा दर. पाइप सतत भरलेला म्हणून बाहेरची घाण आत शिरत नाही. मीटर आहे म्हणून नळ उघडा राहत नाही. चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी, ही समजूत तिथे टिकली नाही. माणूस साठवतो ते पाणी उद्या येईल की नाही या भीतीने, आणि उद्या ताजे आले की कालचे ओतून देतो. भीती गेली की ओतणे थांबते. छोट्या शहराला हे झेपणार नाही, असे सांगणाऱ्यांनी मलकापूर किती मोठे आहे ते एकदा पाहावे.

मैल्याबद्दल प्रचारात कोणीच बोलत नाही. विषय सभ्य नाही म्हणून असेल. बोलणारे थेट भुयारी गटार आणि प्रक्रिया केंद्राचे आश्वासन देतात. छोट्या शहरात ही योजना फसण्याची जागा ठरलेली आहे: मुख्य वाहिन्या टाकल्या जातात, प्रक्रिया केंद्र उभे राहते, पण घरापासून वाहिनीपर्यंतची जोडणी घरमालकाने करायची असते आणि ती तो करत नाही. केंद्राला पुरेसे सांडपाणी मिळत नाही, मैला पचवणारे जिवाणू जगत नाहीत, यंत्रे गंजतात. तोपर्यंत शहर सेप्टिक टाक्यांवर चाललेलेच असते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली नाही तर गाळ साचून तिची पोकळी संपते आणि मैला न मुरता तसाच गटारात जातो. वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी तक्रार येण्याची वाट न पाहता शहराचे भाग पाडले आणि तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसायचे वेळापत्रक लावले. कंत्राटदाराला पैसे उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर, आणि गाडी रिकामी करायची ती मैला प्रक्रिया केंद्रातच. यात यंत्रापेक्षा वेळापत्रकाची करामत जास्त आहे. आणि हो, सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे कंत्राटाच्या पहिल्या पानावर असले पाहिजे. शेवटच्या पानावरच्या अटी कोणी वाचत नाही.

कचऱ्यात गफलत कंत्राटाच्या मोजमापात असते. साठ हजारांच्या शहरात माणशी 350 ग्रॅम धरले तर रोज 21 टन कचरा. कंत्राटदाराला टनावर पैसे द्यायचे ठरवले की त्याच्या दृष्टीने ओला-सुका वेगळा करणे हा तोटा आणि वाटेत माती, राडारोडा भरणे हा नफा. वजनकाट्याच्या पावत्या अचूक असतात, ट्रॉलीत काय आहे ते पावतीवर नसते. त्याऐवजी रोज वर्गीकृत कचरा दिलेली घरे मोजून पैसे द्या, वागणूक बदलते. ओला कचरा निम्मा, म्हणजे साधारण दहा टन. त्याचे खत व्हायला 45 दिवस धरले तर आवारात कायम साडेचारशे टनांचे ढीग राहणार. एवढी पक्की, पाण्याचा निचरा होणारी जागा आहे का, हा प्रश्न यंत्र खरेदीच्या आधीचा आहे. आपल्याकडे कचरा बारीक करणारा श्रेडर आधी येतो आणि शेडला गळके पत्रे नंतर. वेंगुर्ल्यासारख्या चिमुकल्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेने घरातच वर्गीकरणाचा आग्रह धरला, केंद्रावर सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला आणि कचऱ्याच्या डेपोचे लोक बघायला येतात असे उद्यान केले. तिथली माणसे वेगळ्या मातीची नाहीत. मिश्र कचरा घेणार नाही, हे तिथे महिनोन्‌महिने लावून धरले गेले.

तिसरा आक्षेप अधिकारांचा. नगरसेवकाच्या हातात असते काय? सही मुख्याधिकाऱ्याची, ठराव कायद्याबाहेरचा वाटला तर नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी तो रोखतो, नगराध्यक्ष थेट निवडायचा की सदस्यांतून, हे 2016, 2020 आणि 2022 अशा तीनदा मुंबईत ठरले आणि तीनदा बदलले. वर्षानुवर्षे प्रशासक होते तेव्हा शहरे बंद पडली का, असेही विचारले जाते. प्रश्न बोचरा आहे, पण त्याला दीडशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कर्तबगार, गटारे, मंडई, रस्ते यांचा त्यांनी धडाका लावला. पण खर्चावर नजर ठेवणारे कोणी नव्हते, तिजोरी रिकामी झाली आणि करदाते रस्त्यावर आले. 1871 च्या त्या संतापात फिरोजशहा मेहतांनी लोकांना न आवडणारी भूमिका घेतली: कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, त्याच्यावर नजर मात्र करदात्यांनी निवडलेल्यांची हवी. 1872 च्या कायद्याने 64 जणांचे सभागृह आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. नगरसेवकाचा जन्म मुळात नजर ठेवण्यासाठी झाला. कामे वाटणे हे नंतर चिकटले.

नजर ठेवायला अधिकार लागत नाहीत, कागद वाचायची सवय लागते. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत चाळीस विषय असतात आणि शेवटी ‘ऐनवेळचे विषय’. महागडे विषय तिथेच शिरतात, कारण त्यांची टिपणी आधी कोणाच्या हाती पडलेली नसते. टिपणीशिवाय विषय घेऊ देणार नाही आणि विरोध इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठणार नाही, एवढे दोन सदस्यांनी ठरवले तरी बरेच थांबते. अंदाजपत्रकाचेही तसेच. ‘शिलकी अंदाजपत्रक’ अशी बातमी येते तेव्हा शिल्लक कशाची ते पाहावे. बहुतेक वेळा ती योजनांच्या बांधील निधीची, न वापरलेल्या अनुदानाची आणि ठेकेदारांच्या अनामत रकमांची असते. लोकांचे पैसे आपल्या खिशात ठेवून आपण श्रीमंत झालो म्हणण्यासारखे हे आहे. बांधील पैसा बाजूला काढला, पंप आणि वाहिन्यांचा घसारा धरला, की बहुतेक शिलकी शहरे तुटीत निघतील.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत बिनतोड वाटतो. देखभाल करा हे ज्यांच्याकडे काही आहे त्यांना सांगणे झाले. हद्दवाढीतल्या गुंठेवारी वस्तीने, म्हणजे शेतजमिनीचे गुंठे पाडून उभ्या राहिलेल्या वस्तीने, काय जपायचे? तिथे पाइपच नाही, गटार नाही, दिवा नाही. तिथल्या मतदाराला नवे काम हवे आहे, आणि त्याला ‘आधी जुने’ सांगणे हा गावठाणाचा आपमतलब झाला. मान्य. पण त्या वस्तीला पाणी येणार कुठून? नवी योजना मंजुरीपासून नळापर्यंत यायला पाच-सात वर्षे सहज जातात. आज हाताशी असलेले पाणी म्हणजे गावठाणात गळणारे ते 32 लाख लिटर. त्यातले निम्मे वाचले तरी बारा हजार माणसांची सोय होते. जुन्याची दुरुस्ती हीच नव्या वस्तीची सर्वांत जवळची योजना आहे. वितरण वाहिनी टाकावी लागेलच, पण तिच्यात सोडायला पाणी असेल. आणि गुंठेवारीत आधी जमिनीखालचे, मग वरचे: पाणी, सांडपाणी, पावसाचे गटार आणि त्यानंतरच रस्ता. उलट केले की काँक्रीट रस्ता सहा महिन्यांत फोडावा लागतो आणि चर थराथराने न दाबता भरल्यामुळे पहिल्या पावसात खचतो.

रस्त्यांबद्दल याहून फार लिहायला नको. जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकत गेले की रस्ता चढतो आणि पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत येते, हे प्रत्येक पेठेत दिसते. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, चालू असलेल्या रस्त्यांची यादी, ठेकेदाराचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख लावून चौकात टांगली, तर खड्डे बुजवण्याची निम्मी निविदा निघणारच नाही. आरक्षित जागांचीही अशीच तारीखवार यादी हवी. विकास आराखड्यातले मैदान दहा वर्षांत ताब्यात घेतले नाही, मालकाने नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस दिली आणि 24 महिन्यांत पावले उचलली नाहीत, की आरक्षण जाते. ती नोटीस आवक-जावक टेबलावर पडून राहिली म्हणून शहरांनी मैदाने गमावलेली आहेत.

या सगळ्यात उमेदवार किती पाण्यात आहे ते तपासायला मोठी प्रश्नावली लागत नाही. पाण्याच्या उंच टाकीवर, शिडीजवळ, टाकी धुतल्याची तारीख आणि पुढची धुण्याची तारीख रंगवलेली असते, निदान असायला हवी. पाच वर्षे प्रभागात फिरलेल्या माणसाला ती सांगता आली पाहिजे. प्रचाराचे फ्लेक्स बांधायला टाकीचा तोच भाग सोयीचा पडतो, त्यामुळे उत्तर पडताळायचे तर आधी फ्लेक्सची दोरी सोडावी लागेल.